जांभळाची आठ टक्केवाली सावर बिअर: कशी चाखता, काय बघता?

मुळाकाठ
नमस्कार मंडळी. २००९ मध्ये डूलाली या ब्रूअरीने पुण्यात सुरुवात केली तेव्हापासून गव्हाची बिअर, स्टाउट, आयपीए हे सगळं आपल्याकडे बऱ्यापैकी रुळलंय. पण सावर बिअर (मुद्दाम आंबट केलेली), त्यातही फळ घातलेली, आणि त्यातही आठ टक्के अल्कोहोलची, यावर मराठीत नीट चर्चा कुठे दिसली नाही म्हणून हा धागा काढतोय.

परवा बाणेरला जांभळाची सावर प्यायलो. रंग भडक, जांभळ्यापेक्षा राणी कलरकडे झुकणारा, फेस गुलाबी आणि दोन मिनिटांत गायब. वासाला पिकलेलं जांभूळ आणि मागे हलकासा दह्याच्या निवळीचा वास. पहिला घोट गालांच्या आत करकचून आंबट, मग फळ, मग तो जांभळाचा जीभ ओढणारा तुरटपणा, आणि गोड म्हणाल तर अजिबात नाही. अल्कोहोल तोंडात कळलंच नाही, गिळल्यावर छातीत ऊब आली तेवढीच. मला प्रचंड आवडली.

माझं मत असं की फळाची सावर स्ट्राँगच असावी. तीन-चार टक्केवाल्या पाणचट लागतात, आंबटपणा उघडा पडतो, फळाला टेकायला काही राहत नाही. पण तिथेच आंब्याची पण होती, ताकद तेवढीच, आणि ती मात्र अगदी फिकी वाटली. आंबा का कमी पडला असेल? आणि तुम्ही लोक अशी बिअर चाखताना काय काय बघता?

कडूप्रेमी
बिअर म्हणजे कडू. आंबट प्यायचं असेल तर सोलकढी आहे की, माशाच्या थाळीबरोबर आपोआप येते.

निशिगंधा
कडूप्रेमी, मला तर हॉप्सचा (बिअरला कडू करणारी फुलं) कडवटपणा आयुष्यात झेपला नाही, मित्रमंडळी पाच-पाच आयपीए तुलना करत बसायची आणि मी लिंबूसोडा घेऊन बसायचे. सावरमुळेच मी बिअरकडे आले. त्यामुळे बिअर म्हणजे कडू हे काही मला मान्य नाही.

मुळाकाठ, एक सांगते, पहिल्या घोटावर मत बनवूच नये. पहिल्या घोटाला तोंडाला नुसतं पाणी सुटतं, बाकी काही कळत नाही. छोटा घोट घ्यायचा, तोंडभर फिरवायचा, थोडं थांबायचं. खरी चव तिसऱ्या-चौथ्या घोटाला उघडते, कारण तोपर्यंत जीभ आंबटाला सरावलेली असते. कितीतरी लोक पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करून ग्लास सरकवून देतात ते बघून मला मनापासून वाईट वाटतं.

सदाशिवपेठी
मला एवढंच विचारायचंय की या बिअरचा ग्लास एवढा लहान का असतो? बाकीच्या पाइंटमध्ये देतात, ही मागवली की वाइनच्या ग्लासात आणून ठेवतात, आणि पैसे जास्त.

बाणेरकर_७
@सदाशिवपेठी, ३३० मिली आठ टक्क्यांची म्हणजे २६.४ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्के व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग म्हणजे पावणेतेरा मिली. तर एक लहान कॅन म्हणजे दोन पेग आणि वर थोडं. पाइंटमध्ये दिली तर तीन पेगांच्या वर जाईल. त्यात आंबट आणि थंड असल्यामुळे सरबतासारखी जाते खाली, कळत नाही. लहान ग्लास बरोबरच आहे.

आणि गाडीने गेलेल्यांसाठी: आपल्याकडे मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. यातल्या एका ग्लासानंतरही गाडीला हात लावू नका, सरळ रिक्षा करा.

सदाशिवपेठी
हिशोब पटला. पैशांचं अजून पटलेलं नाही.

ताकपीठ
माझं शिक्षण आणि नोकरी दोन्ही फूड मायक्रोबायोलॉजीतलं, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आधी कडू-आंबटाचं. हॉप्स हे मुळात जीवाणूंना रोखतात, लॅक्टोबॅसिलसला तर फारच. म्हणून सावर करताना हॉप्स अगदी कमी घालतात किंवा आंबवून झाल्यावर घालतात. आंबट आणि कडू दोन्ही जोरात असले तर तोंडात भांडतातही. कडूप्रेमींना त्यांची बिअर यात सापडणार नाही ती यामुळे.

आता बहुतेक ब्रूअरी करतात ती पद्धत म्हणजे केटल सावर. माल्टचा (मोड आणून वाळवलेलं धान्य) गोड काढा बनवायचा, तो पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास आणायचा, त्यात लॅक्टोबॅसिलस सोडायचे, दही लावणारे जीवाणू याच गोतावळ्यातले. एक-दोन दिवसांत पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) ३.२ ते ३.५ पर्यंत उतरतो, साधी बिअर ४.२ ते ४.५ ला असते. मग काढा उकळायचा, जीवाणू मेले, आंबटपणा तिथेच थांबला. त्यानंतर यीस्ट, जे साखर खाऊन अल्कोहोल बनवतं, आणि फळ शक्यतो मुख्य फर्मेंटेशन संपत आल्यावर.

गंमत स्ट्राँगमध्ये आहे. यीस्टला आंबट आवडत नाही, आणि जास्त साखर, जास्त अल्कोहोल हेही आवडत नाही. तीन-चार टक्क्यांची सावर यीस्ट निभावून नेतं. आठ टक्क्यांना त्याच्यावर दोन्हीकडून ताण येतो, काम रेंगाळतं, आणि ताणातलं यीस्ट जड अल्कोहोलं सोडतं, ती घशात जळजळ म्हणून कळतात. मुळाकाठ म्हणतात की तोंडात अल्कोहोल कळलं नाही, नुसती ऊब आली. तर त्या ब्रूअरने यीस्ट नीट सांभाळलं, तापमान नीट सांभाळलं. माझ्या मते अशा बिअरमध्ये सगळ्यात आधी बघायची गोष्ट हीच, फळ नंतर.

विहीर
ताकपीठ, माहिती उत्तम, पण मी मुळाकाठांशी असहमत. आठ टक्के हा नुसता हट्ट आहे. बर्लिनर वाइसे तीन टक्क्यांच्या आसपास असते आणि बर्लिनमध्ये लोक ती उन्हाळ्यात मजेत पितात, त्यात रास्पबेरीचं किंवा वुडरफ या सुगंधी वनस्पतीचं सिरप टाकून. लाइपत्सिगच्या गोझेमध्ये तर मीठ आणि धने असतात आणि तीही हलकीच. आंबट पेयाचं काम तहान भागवणं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मला असं काही हवं की दोन ग्लास प्यायले तरी संध्याकाळी माणूस कामाचा राहील. पाणचट लागते म्हणता, तर मग ती नीट बनवलेली नसेल, ताकद वाढवणं हा त्यावरचा उपाय नाही.

कडूप्रेमी
धने आणि मीठ? ही बिअर आहे की मठ्ठा?

निशिगंधा
कडूप्रेमी, गोझे एकदा पिऊन बघा हो. तुम्ही इथून उठत तर नाही आहात, म्हणजे उत्सुकता आहे :)

ब्रसेल्सवासी
मूळचा कर्वेनगरचा, आता नोकरीमुळे ब्रसेल्सला. विहीर यांच्या मुद्द्यावर लिहावंसं वाटलं.

स्ट्राँग सावर ही आजकालची टूम नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात औदेनार्देची लीफमन्स गाउडनबांड बघा, तपकिरी, आंबट आणि आठ टक्के. तिच्यात फळ नाही, पण मुरल्यावर मनुका आणि सुक्या अंजिराचा भास होतो. तिथे आंबटपणा आणि ताकद एकमेकांना धरून असतात, दोन्हींतलं काही काढलं तर बाकीचं कोसळेल. रोडेनबाख ग्राँ क्रू सहा टक्के, तिचा मोठा हिस्सा मोठमोठ्या ओकच्या पिंपांत दोन वर्षं मुरवलेला असतो. म्हणजे हलकी सावर ही जर्मनीची वाट आणि मुरवलेली, भरदार सावर ही फ्लँडर्सची वाट. दोन्ही जुन्या, दोन्ही खऱ्या.

आणि फळाची सावर म्हणाल तर ब्रसेल्सची लँबिक. इथल्या कांतियाँ ब्रूअरीत (१९०० पासून चालू आहे, अँडरलेख्त भागात) मी पाहुण्यांना नेहमी घेऊन जातो. वर माळ्यावर तांब्याचं मोठं उथळ पातेलं आहे, त्यात उकळलेला काढा रात्रभर उघडा ठेवतात, हवेतलं जे यीस्ट आणि जे जीवाणू पडतील ते पडतील. म्हणून ब्रूइंग फक्त थंडीच्या महिन्यांत. नंतर लाकडी पिंपांत वर्षं-वर्षं. आंबट चेरी घालून क्रीक करतात, दर लिटरला सुमारे २०० ग्रॅम फळ, आठळीसकट. त्या आठळीमुळे मागे बदामाची झाक येते. आणि साखरेचा टिपूसही उरत नाही. पहिल्यांदा पिणारे विचारतात, चेरी गोड का नाही लागत? कारण साखर यीस्टने खाल्ली. उरला फळाचा वास, रंग, सालीचा तुरटपणा.

माझं म्हणणं, फळाच्या सावरची परीक्षा इथेच होते. गोडी काढून घेतल्यावरही ते फळ ओळखू येतंय का? येत असेल तर बिअर उत्तम.

मार्केटयार्ड
वरच्या वाक्याला शंभर टक्के सहमत आणि आंब्याचं कोडं इथेच सुटतं. आमचा फळांच्या पल्पचा व्यवसाय आहे, त्यामुळे या बाजूने लिहितो.

हापूसच्या पल्पमध्ये साधारण १६ ब्रिक्स किंवा वर, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साधारण सोळा ग्रॅम साखर. ती सगळी यीस्टने खाल्ली तर नुसत्या त्या पल्पमधूनच जवळपास नऊ टक्के अल्कोहोल निघेल. म्हणून आठ टक्क्यांच्या बिअरमध्ये आंबा घातला तर ताकद टिकते. स्ट्रॉबेरीत साखर त्याच्या निम्मी असते, महाबळेश्वरची घाला नाहीतर कुठलीही, ताकद खालीच येते आणि ब्रूअरला मुळातच काढा दाट धरावा लागतो.

पण आंब्याची मजा आपण ज्याला म्हणतो ती गोडी आणि गराचा दाटपणा. दोन्ही यीस्ट आणि गाळणी घेऊन जातात. पल्पमध्ये साल नाही, कोय नाही, म्हणजे तुरटपणा पण नाही. मग उरतं काय? थोडा वास, तोही फर्मेंटेशनच्या गॅसबरोबर बराच उडून जातो. जांभूळ सालीसकट जातं, त्यात तुरटपणा भरपूर आणि रंगही सालीतला. मुळाकाठ यांनी राणी कलर लिहिलंय, जांभळाच्या सालीतलं जे रंगद्रव्य आहे ते आंबटात लालसर होतं, पीएच जितका खाली तितका रंग झळाळतो. म्हणून सावरमध्ये जांभूळ एवढं सुंदर दिसतं. साध्या बिअरमध्ये ते मळकट दिसेल.

मुळाकाठ
मार्केटयार्ड, ताकपीठ, ब्रसेल्सवासी, तिघांचे मनापासून आभार, एवढ्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा केली नव्हती. म्हणजे आंबा गोडीवर उभा आहे आणि जांभूळ सालीवर. मग आंब्याची जी सावर लोक दाट, गोड, मिल्कशेकसारखी म्हणून वर्णन करतात ती कशी बनते?

ताकपीठ
दोन वाटा. एक, लॅक्टोज घालायचं, दुधातली साखर. बिअरचं यीस्ट ती खाऊ शकत नाही, त्यामुळे गोडी आणि दाटपणा राहतो. दूध ज्यांना चालत नाही त्यांनी आणि वीगन लोकांनी हे विचारून घ्यावं, बोर्डावर बरेचदा लिहिलेलं नसतं. दुसरी वाट, फर्मेंटेशन पूर्ण झाल्यावर शेवटी पल्प घालायचा आणि बिअर सतत थंड ठेवायची म्हणजे यीस्ट झोपून राहील. टॅपवर लगेच प्यायला ठीक, पण तोच माल कॅनमध्ये भरला आणि कॅन उन्हात राहिला तर आत पुन्हा फर्मेंटेशन सुरू होतं, कॅन फुगतो, फुटतोसुद्धा.

विहीर
लॅक्टोजवाल्या मला बिअर वाटत नाहीत, डेझर्ट वाटतात. पण ब्रसेल्सवासी यांचा गाउडनबांडचा मुद्दा मान्य, मुरवून केलेली स्ट्राँग सावर वेगळी गोष्ट आहे. माझा आक्षेप दोन आठवड्यांत उरकलेल्या आठ टक्केवालीला.

ब्रसेल्सवासी
विहीर, तेवढ्यावर आपलं जमतं. फक्त एक जोड, केटल सावर लवकर होते म्हणून ती वाईट असं नाही. तिची चव सरळ आणि स्वच्छ असते, एकच सूर. लँबिकमध्ये ब्रेटॅनोमायसिस हे जंगली यीस्ट असतं, त्यामुळे तबेला, चामडं, जुनं लाकूड असले वास येतात, ते ज्याला हवेत त्याला केटल सावर अपुरी वाटणार. पण ताज्या फळाचा वास पुढे आणायचा असेल तर केटल सावरच बरी.

घोडनदी
अवांतर: जांभळावरून आठवलं, आमच्या गावी शिरूरकडे विहिरीवर एक जांभळाचं झाड आहे, जूनमध्ये खाली नुसता सडा. फळ एवढं नाजूक की दोन दिवस टिकत नाही, शहरात येईपर्यंत निम्मं फुटतं. कोणी ब्रूअर थेट शेतावरून घेत असेल तर शेतकऱ्याचं सोनं होईल. असं कोणी करतं का पुण्यात?

मार्केटयार्ड
घोडनदी, जांभूळ पाठवायचं तर तोडल्या दिवशी गर काढून फ्रीज करणं हाच खरा उपाय. ब्रूअरला फ्रोजन उलट आवडतं, गोठल्यावर पेशी फुटतात आणि रंग, रस चटकन सुटतो. तुमच्या भागात चार-पाच जणांनी मिळून डीप फ्रीजर घेतला तर हे जमण्यासारखं आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सह्याद्रीवेडी
अवांतरात भर: करवंदं! सिंहगडाच्या वाटेवर मे महिन्यात पानाच्या द्रोणात मिळतात ती. आंबट, तुरट, चीक असलेली, गडद रंगाची. वरच्या सगळ्या निकषांत करवंद बसतं. आणि पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पण अंजीर सावरमध्ये आंब्यासारखंच हरवेल असं वाटतं. बरोबर का?

ताकपीठ
अगदी बरोबर विचार. अंजिरात स्वतःचा आंबटपणा फार कमी, तुरटपणाही फारसा नाही. अंजीर गाउडनबांडसारख्या तपकिरी, मुरवलेल्या बिअरमध्ये शोभेल. कोकम मात्र सावरसाठीच जन्मलंय, रंग, आंबटपणा, तुरटपणा सगळं एका सालीत.

दंतकथा
पेशाने डेंटिस्ट आहे म्हणून एक सूचना. पीएच ३.३ म्हणजे दाताच्या इनॅमलला त्रास होणारच. तासभर घुटके घेत बसण्यापेक्षा मध्ये साधं पाणी पीत जा, ते चाखण्यासाठीही चांगलं. आणि घरी आल्या आल्या लगेच ब्रश करू नका, आंबटाने इनॅमल मऊ झालेलं असतं, अर्धा तास तरी थांबा. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी टाळाच.

सदाशिवपेठी
रिकाम्या पोटी नको तर सोबत काय खायचं ते पण सांगा कोणीतरी.

बाणेरकर_७
तळलेलं आणि तेलकट. रवा लावून तळलेले बोंबील, कोळंबी, नाहीतर चिकन विंग्ज. आंबटपणा तेल कापतो, पुढचा घास पुन्हा नव्याने लागतो. चीज पण छान जातं. फार तिखट मात्र नको, अल्कोहोल आणि आंबट दोन्ही मिळून तिखट आणखी भडकवतात, जांभळाचा तुरटपणा तर मिरचीबरोबर अगदी कोरडा पडतो.

निशिगंधा
धागा वाचून आम्ही मैत्रिणी काल मुद्दाम आंबा, जांभूळ आणि कोकम अशा तीन सावर शेजारी शेजारी ठेवून चाखल्या. चौघींत तीन छोटे ग्लास, त्यामुळे निवांत. मुळाकाठांचा मूळ प्रश्न होता तिकडे येते.

आंबा, साडेसात टक्के: अगदी थंड असताना काहीच नाही, नुसतं आंबट. पण ग्लास हातात धरून पंधरा-वीस मिनिटं थांबलो तर देठाजवळचा, थोडा कच्चा, चिकाचा वास वर आला. तो सुंदर होता! म्हणजे आंबा पूर्ण हरवत नाही, पिकल्या आंब्याची गोडी शोधली तर सापडत नाही आणि देठाचा वास शोधला तर सापडतो. त्यामुळे फिकी म्हणण्याआधी तिला थोडं गरम होऊ द्या असं मी म्हणेन.

जांभूळ, आठ टक्के: मुळाकाठांनी लिहिलंय तशीच, एक अक्षर बदलायला नको.

कोकम, साडेचार टक्के: ही हलकी होती आणि तरी अजिबात पाणचट नव्हती. कोकमाच्या सालीनेच तिला अंग आलं होतं. त्यामुळे मुळाकाठ, फळाची सावर स्ट्राँगच असावी हे मला पटलं नाही. फळात तुरटपणा असेल तर हलकीही उभी राहते. फळ मवाळ असेल तरच अल्कोहोलचा आधार लागतो.

विहीर
निशिगंधा, टाळ्या!

मुळाकाठ
हे फार महत्त्वाचं निरीक्षण आहे. तुमच्या हिशोबाने बघितलं तर जांभळाला आठ टक्क्यांची गरज नव्हतीच. तरीही मला ती ऊब हवीच वाटते, त्या तुरटपणाच्या मागून येणारी, तिच्यामुळे घोट लवकर संपत नाही. आता पाच टक्क्यांची जांभूळ कुठे मिळाली तर दोन्ही समोरासमोर ठेवून चाखायची आहे. आणि आंब्याला वेळ देऊन बघतो.

ताकपीठ
तापमानाचा मुद्दा निशिगंधा यांनी अचूक पकडला. हलकी, तहान भागवणारी सावर पाच-सहा अंशांना ठीक. स्ट्राँग आणि फळाची असेल तर दहा-बारापर्यंत येऊ द्यावी. फार थंडीत वास बसून राहतो. अट एवढीच की ब्रूअरने काम चोख केलेलं हवं, कारण थंडीत लपलेली जळजळही तेव्हाच वर येते.

कडूप्रेमी
ठीक आहे, शनिवारी कोकमाची पिऊन बघतो. साडेचार टक्केवाली. विहीर, येताय का?

विहीर
येतो. रिक्षाने.

सह्याद्रीवेडी
एक प्रश्न राहिला, कॅन घरी आणला तर किती दिवस ठेवावा? भाऊ पुढच्या महिन्यात येतोय, त्याच्यासाठी ठेवायचाय.

ताकपीठ
फ्रीजमध्येच, उभा. दारात नको, आत मागच्या बाजूला, तिथे तापमान कमी हलतं. पूर्ण फर्मेंट झालेली, लॅक्टोज नसलेली असेल तर महिनाभर आरामात राहील, फळाचा वास तेवढा हळूहळू उतरतो. शेवटी पल्प घातलेली असेल तर मात्र भावाची वाट न बघता याच आठवड्यात संपवा, आणि उघडण्याआधी कॅन अलगद एकदा उलटासुलटा करा, खाली बसलेला गर वर येतो. टपटप वाजवून हलवू नका.